हिरव्या गाडीतला क्लाइड

"मागे सरा! लेकरांनो, मागे सरा! तो आत आहे!"

ब्रदर स्टाउट असं ओरडला आणि अख्खं हॅलक गाव एकमेकांच्या बुटांवर पाय देत मागे सरलं. जानेवारीतली रविवारची सकाळ होती. नेब्रास्कातल्या त्या थंडीत नाकातला श्वाससुद्धा गोठत होता, पण घरी कुणीच थांबलं नव्हतं. टायरच्या जुन्या दुकानात भरणाऱ्या ब्रदरच्या चर्चसमोर, अंगणाच्या मधोमध एक फिकट हिरवी चार दारांची गाडी उभी होती. भोवती लोक कॉफीचे थर्मास आणि डोनटचे खोके घेऊन उभे होते. एवढी गर्दी गावात फक्त फुटबॉलच्या सामन्याला होते. तिथे निदान हरण्याची शक्यता तरी असते.

ब्रदर ड्रायव्हरच्या जागेवर बसला होता. दार सताड उघडं, डावा पाय बाहेर बर्फात, एक हात आभाळाकडे. शेजारच्या सीटवर रोवेना हॅचर बसली होती. तिच्या मांडीवर तिचे स्वतःचेच दोन हात होते, पण ते कुणी दुसऱ्याने तिथे आणून ठेवल्यासारखे दिसत होते.

त्याने किल्ली फिरवली. इंजिन जे किंचाळत सुटलं ते थांबेचना. गाडी जागच्या जागी थरथरायला लागली.

"ऐकताय? मी काही केलेलं नाही! हा क्लाइड बोलतोय!" ब्रदर गरजला. "क्लाइड हॅचर, दारुड्या, आत्मघातक्या, या गाडीत तू जीव दिलास आणि आता इथेच घर केलंस? तुझी बायको इथे बसली आहे. ऐक तिचं! बोल, पोरी!"

रोवेनाचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"मोठ्याने बोल!" गर्दीतून कुणीतरी बाई ओरडली. "घरात बोलत होतीस तशी बोल!"

लोक हसले. रोवेनाने समोरच्या काचेकडे बघत ब्रदरने पढवलेलं वाक्य म्हटलं, "क्लाइड, तू नरकातला आहेस. मी तुला सोडलं. तू नरकात जा."

"नीघ!" ब्रदरने गर्जना केली.

आणि इंजिन शांत झालं. ते बंद पडलं नाही, पोट भरलेल्या मांजरासारखं गुरगुरत राहिलं. बायका रडल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. माझ्या शेजारी उभा असलेला धान्याच्या कोठारावरचा माणूस डोळे पुसत म्हणाला, "बघितलंत ना डॉक्टर? आता तरी?"

मी या गावचा डॉक्टर. माझ्या हातून निम्मं गाव जन्मलं आहे आणि बरंचसं मेलंही आहे, त्यामुळे माझं मत कुणी फारसं विचारत नाही. मी म्हटलं, "बघितलं. त्याचा उजवा पाय कुठे होता ते तुम्ही बघितलंत का?"

"देवाच्या कामात पाय बघायचे असतात का?" असं म्हणून तो माझ्यापासून जरा लांब जाऊन उभा राहिला.

हे सगळं सुरू झालं ते पहिल्या बर्फाच्या सुमाराला. गाडी क्लाइड हॅचरची. क्लाइड शेतीच्या यंत्रांच्या दुकानात कामाला होता. दुकान बंद पडलं, तो प्यायला लागला आणि एके दिवशी घरच्या गॅरेजमध्ये याच गाडीत बसून त्याने स्वतःला गोळी घातली. रोवेनाने गाडी धुऊनपुसून अर्लीन डॉब्सला विकली. अर्लीन सत्तरी ओलांडलेली, ताठ, कुणाचं ऐकून न घेणारी बाई. तिचा नवरा व्हर्नन तिच्या उलट, दिवसभरात दोन वाक्यं बोलला तरी दमणारा. डोळे अधू झाल्यापासून तो गाडी चालवत नसे. अर्लीन त्याला सगळीकडे फिरवी.

आधी वर्षभर गाडी सुतासारखी चालली. मग एका सकाळी मुख्य रस्त्याच्या चढावर अर्लीनने जोर दिला आणि गाडी सुटली. तिने पाय उचलला तरी वेग उतरेना. शेवटी ती केस कापण्याच्या दुकानाच्या काचेतून आत शिरली. दुकान अजून उघडायचं होतं म्हणून कुणी मेलं नाही. अर्लीनचं मनगट मोडलं.

मी प्लास्टर घालताना म्हटलं, "अर्लीन, या वयात असं होतं. ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला असशील."

"डॉक्टर, मी चौदाव्या वर्षापासून धान्याचे ट्रक चालवलेत," ती म्हणाली. "माझा पाय कुठे आहे ते मला कळतं. मी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. तो दगडासारखा झाला होता. कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखा."

एवढं वाक्य ब्रदर स्टाउटला पुरलं. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून इंजिन, केबल, सगळं तपासलं आणि 'दोष नाही' असं सांगितलं. ज्या गाडीत दोष नाही आणि जी तरीही पळते, तिच्यात भूत असलंच पाहिजे, असा ब्रदरने निकाल दिला. भूत कुणाचं हे सांगायला फार विचार करावा लागला नाही.

ब्रदर डेलमर स्टाउट हा धर्मोपदेशक आमच्याकडे दोनेक वर्षांपूर्वी आला. गोरागोमटा, आवाज मधाळ, हाताची पकड अशी की बोटं मोजून परत घ्यावीत. त्याच्या देवाला गाड्यांची फार काळजी. त्या शरदात त्याने चर्चमध्ये गाडीत घालायच्या जाड काळ्या रबरी मॅट वाटल्या. त्यांच्यावर ठसठशीत अक्षरांत उठवलं होतं, 'देवा, गाडी तूच हाक.' ज्याने जे जमेल ते दान द्यायचं आणि मॅट घेऊन जायची. गावातल्या बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या पायाखाली देवाला विनंती पसरली गेली.

आणि मग गावाने रोवेनाकडे मोर्चा वळवला. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. 'तिच्या हातचं आमच्या पोरांनी खायचं नाही,' असं आयांनी मुख्याध्यापकांना सांगितलं. मुख्याध्यापक सुशिक्षित होते, म्हणून त्यांनी तिला काढताना आवाज चढवला नाही. किराणा दुकानात ती रांगेत उभी राहिली की पुढची माणसं सामान टाकून बाहेर जात. कुणीतरी तिच्या दारावर लाल रंगाने लिहिलं, 'भुताची बायको'. एकदा तिचा कुत्रा अंगणात तोंडाला फेस येऊन पडलेला सापडला. ती त्याला घेऊन माझ्याकडे आली. मी जनावरांचा डॉक्टर नाही, पण विष ओळखता येतं.

"कुणी केलं असेल?" मी विचारलं.

"सगळ्यांनी," ती म्हणाली.

त्यानंतर ब्रदर तिच्या घरी गेला आणि गोड आवाजात म्हणाला, सगळ्यांसमोर गाडीत बसून क्लाइडला सोडचिठ्ठी दे, म्हणजे लोक तुला जवळ करतील. ती थकली होती. ती हो म्हणाली. त्यातून तो रविवार घडला.

सोहळा संपल्यावर ब्रदरने अर्लीनच्या हाती किल्ली दिली आणि एक नवी कोरी मॅट वर धरून सगळ्यांना दाखवली. "गाडी आता शुद्ध आहे. पण सैतान परत फिरकू शकतो. जुनी मॅट काढू नकोस, तिच्यावरच ही पसर. दुहेरी राखण!"

टाळ्या पडल्या. अर्लीनने प्लास्टरच्या हातानेच तिथे वाकून मॅट पसरली.

त्याच आठवड्यात एका सकाळी अर्लीन आणि व्हर्नन पोस्टात गेले. व्हर्नन उतरून टपाल घेऊन आला आणि पायरीपाशी उभा राहिला. कडेला बर्फाचा बांध साचला होता. अर्लीनने तो ओलांडून गाडी आणखी जवळ घ्यायला पेडल जोरात दाबलं. गाडी बांधावरून उडी मारून गेली आणि तिथून थांबलीच नाही. तिने व्हर्ननला पोस्टाच्या विटांच्या भिंतीशी चिरडलं. मी पोचलो तेव्हा इंजिन अजून किंचाळत होतं आणि चाकं बर्फात फिरत होती. शेरीफने, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाने, आत हात घालून किल्ली फिरवली. व्हर्नन शुद्धीवर होता. कमरेखाली त्याचं काही उरलं नव्हतं. तो मला म्हणाला, "तिला सांगा, मी बरा आहे." तेवढं बोलून तो गेला.

अर्लीन स्टिअरिंगला धरून बसली होती. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

आता गाव गप्प बसेल असं एखाद्याला वाटेल. व्हर्ननला पुरून झाल्यावर चर्चमध्ये जेवण झालं. बटाट्याचं सॅलड आणि हॅम खाता खाता कुणीतरी म्हणालं, "ती मनापासून म्हणाली नव्हती." दुसरं म्हणालं, "ओठ नुसते हलत होते तिचे." ब्रदरने डोळे मिटले आणि सुस्कारा टाकला. "खोट्या सोडचिठ्ठीने आत्मा सुटत नसतो," तो म्हणाला.

काळ्या कोटांतली ती माणसं ताटं ठेवून उठली. आधी दफनभूमीत गेली. क्लाइडच्या कबरीच्या दगडाला साखळी बांधली, ती एका पिकअप ट्रकला जोडली आणि गोठलेल्या जमिनीतून तो दगड उपटून काढला. मग तो फरफटत रोवेनाच्या दारात नेऊन टाकला. खिडक्यांच्या काचा फोडल्या. "घे तुझा नवरा!" कुणीतरी ओरडलं. भर दुपारी हे चाललं होतं आणि शेरीफ आपल्या गाडीत बसून सँडविच खात होता. मी त्याच्या काचेवर टकटक केली. "लोकांचं दुःख आहे डॉक्टर, बाहेर पडू दे," तो म्हणाला.

मी तिथून तडक ओडेट पार्किनबाईंच्या घरी गेलो. पार्किनबाई हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि मुलांना गाडी चालवायलाही त्याच शिकवत. उंच, हाडकुळ्या, बोलणं तिखट. गावाला त्या आवडत नसत, कारण त्या प्रश्न विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत बघत राहत. आठवडाभर त्या परगावी आईच्या आजारपणात होत्या, नुकत्याच परतल्या होत्या. मी सगळं सांगितलं. माझं मतही सांगितलं, की म्हातारीने चुकीचं पेडल दाबलं असणार.

"पुष्कळदा तसंच असतं," त्या म्हणाल्या. "माझी पोरं दर वर्षी करतात. पण तुम्ही पोचलात तेव्हा अर्लीनचे पाय कुठे होते?"

मी आठवलं. "दोन्ही ब्रेकवर. दाबून धरलेले."

"आणि इंजिन ओरडत होतं?"

"हो."

"मग अ‍ॅक्सिलरेटर कोण दाबत होतं? चला."

शेरीफच्या कचेरीमागे ती गाडी उभी होती, पुढचा भाग चेपलेला. कुणी तिच्या जवळ जात नव्हतं. पार्किनबाईंनी दार उघडलं, बर्फात गुडघे टेकले आणि डोकं पायांच्या जागेत घातलं.  मग आतूनच म्हणाल्या, "डॉक्टर, इकडे वाका. हात लावू नका, नुसतं बघा."

मी वाकलो. दोन जाड मॅट एकमेकींवर घसरून पुढे सरकल्या होत्या. वरच्या मॅटची उभी कड अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवर चढून बसली होती आणि पेडल तिच्याखाली दबलेलं होतं. तसंच, त्या सकाळपासून. कडेवर अक्षरं वाचता येत होती. 'देवा, गाडी तूच हाक.'

त्या पुढच्या रविवारी पार्किनबाईंनी शाळेची शिकाऊ गाडी चर्चच्या अंगणात आणून उभी केली. शेरीफकडून त्या दोन मॅट मागून आणल्या होत्या. तो द्यायला तयार नव्हता, तेव्हा मी मृत्यूच्या दाखल्यावर त्याचं सँडविचही लिहीन म्हणालो. लोक प्रार्थनेहून बाहेर पडले तेव्हा त्या दार उघडं ठेवून सीटवर बसल्या होत्या, इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये नाही, हँडब्रेक ओढलेला.

"ब्रदर, मलाही भूत दिसलं," त्यांनी हाक मारली. "जरा या इकडे."

त्यांनी दोन्ही मॅट पसरल्या, पायाने पुढे ढकलल्या, अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला आणि दोन्ही पाय उचलून दाराबाहेर बर्फात ठेवले. इंजिन किंचाळतच राहिलं. गर्दी मागे सरली. एक बाई किंकाळी फोडून खाली बसली.

"काढा याला," पार्किनबाई म्हणाल्या. "तुमचं कामच ते."

ब्रदर मागे वळून जाऊ शकत नव्हता, सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याने हात उभारला. "क्लाइड हॅचर, नीघ!"

इंजिन ओरडत होतं.

"जरा मोठ्याने," बाई म्हणाल्या. "त्याला कमी ऐकू येत असेल."

तो ओरडला. पुन्हा ओरडला. त्याचा मधाळ आवाज फाटला, गळ्यातली शीर टरारली, कपाळावर त्या थंडीत घाम आला. मुख्याध्यापक "शाळेची गाडी आहे हो ती" म्हणून कुजबुजत होते. पार्किनबाई त्याला थांबवत नव्हत्या. त्याचा श्वास संपला, तो खोकायला लागला, तेव्हा त्यांनी वाकून दोन बोटांनी मॅट मागे ओढली. इंजिन क्षणात खाली आलं.



"हे तुमचं भूत," त्यांनी मॅट बर्फात फेकली. "रबराचं. पेडल पूर्ण दाबलं की या कडेखाली अडकतं. एक असताना कधीतरी अडकायचं. दोन केल्यावर अडकणारच. आणि इंजिन पूर्ण जोरात असलं की ब्रेकला त्याच्याकडून मिळणारी मदत थांबते. पहिल्यांदा दाबाल तेव्हा जोर शिल्लक असतो. सोडून पुन्हा पुन्हा दाबलात की तो संपतो आणि ब्रेक दगड होतो. अर्लीन खरं सांगत होती. शब्द न् शब्द."

"आणि त्या दिवशी जे झालं ते?" कोठारावरचा माणूस म्हणाला. "तिने म्हटल्याबरोबर गाडी शांत झाली, आम्ही सगळ्यांनी पाहिलं!"

"तुझा ट्रक थंडीत सुरू करतोस तेव्हा काय करतो तो?"

तो गर्दीत मागे सरायला लागला.

"सांग ना."

"ओरडतो," तो पुटपुटला. "गरम होईपर्यंत."

"मग तू काय करतोस?"

"पेडलला... एकदा पाय लावतो. मग आवाज उतरतो."

"ब्रदरच्या उजव्या पायानेही त्या दिवशी तेच केलं. तुझ्या गॅरेजमध्ये रोज सकाळी होतं ते. तिथे तू गुडघे टेकतोस का?"

त्याचा चेहरा मांसासारखा लाल झाला. प्रत्येकाच्या घरी तेच होत होतं. प्रत्येकाला माहीत होतं. ज्ञान घरी ठेवून ते चर्चला आले होते, एवढंच.

ब्रदर आता बोलला, घोगऱ्या आवाजात. "मी श्रद्धेने दिल्या त्या मॅट. मला काय कल्पना? माझा हेतू शुद्ध होता."

पार्किनबाई सरळ त्याच्या गाडीकडे गेल्या. ती चर्चच्या भिंतीशी उभी होती, लांबलचक, चकचकीत. त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि सगळ्यांना दिसेल अशा बेताने बाजूला झाल्या. खाली नुसता गालिचा होता.

"तुमच्या गाडीत का नाही, ब्रदर?"

"ती... धुवायला काढली आहे."

चर्चच्या पायरीवर त्याची बायको उभी होती. बारीक, भुरकट बाई. दोन वर्षांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "डेलमर, तू ती पहिल्याच महिन्यात काढून टाकलीस. पेडलमध्ये अडकते म्हणून."

मी पुष्कळ मरणं पाहिली आहेत. मरण आल्यावर असा चेहरा मी कुणाचा पाहिलेला नाही, जसा त्या क्षणी त्याचा झाला. लोक त्याच्या अंगावर धावून गेले. ज्यांनी दगड उपटला तेच पुढे होते. तीच साखळी आणायलाही कुणीतरी ओरडलं. पार्किनबाई आडव्या आल्या. "मारायला फार आवडतं ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "कुणीही चालतं." शेरीफ पहिल्यांदाच आपल्या गाडीतून उतरला आणि ब्रदरला घेऊन गेला. खटला उभा राहिला नाही. अपघात, म्हणाले. आता तो दुसऱ्या राज्यात आहे आणि पवित्र पाण्याच्या बाटल्या विकतो, असं कानावर येतं.

संध्याकाळच्या आत गावातली मंडळी रोवेनाच्या दारात गेली, हातांत झाकलेली भांडी घेऊन. आमच्याकडे गुन्ह्याला आणि मयताला एकच उपाय असतो, चीज घातलेले बटाटे. तिने दार उघडलं. फुटलेल्या खिडक्यांना पुठ्ठे लावलेले होते. क्लाइडचा दगड अजून पायरीपाशी पडला होता.

"साखळी कुणी बांधली?" तिने विचारलं.

सगळे आपापल्या भांड्याकडे बघत राहिले.

"माझा कुत्रा कुणी मारला?"

कुणीतरी भांडं पायरीवर ठेवून मागे सरलं.

"तुम्ही काचा भरून द्याल. दगडही उभा कराल," ती म्हणाली. "पण मी त्याला नरकात जा म्हणाले. सगळ्यांसमोर. तो आजारी होता आणि माझ्यावर त्याचा जीव होता. ते माझ्याकडून तुम्ही वदवून घेतलंत. ते कसं परत घेणार, ते सांगा."

तिने दार लावलं. वसंत यायच्या आत ती गाव सोडून गेली, कुठे ते कुणाला सांगितलं नाही.

अर्लीन मनगटाचं प्लास्टर काढायला माझ्याकडे आली. बराच वेळ हात उलटासुलटा करून बघत राहिली.

"म्हणजे भूत नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"दुसरी मॅट मी वाकून पसरली होती, डॉक्टर. या हातांनी. भूत होतं तेव्हा मला झोप तरी लागत होती."

मी तिला खोटं सांगू शकलो असतो. डॉक्टरला त्याची सवय असते. पण मी म्हटलं, "अर्लीन, तुला फसवलं गेलं. आणि खरं कळल्यामुळे या गावातल्या प्रत्येक गाडीतून ती मॅट निघाली. पुढचा व्हर्नन मरायचा वाचला. तो कोण ते तुला किंवा मला कधीच कळणार नाही." ती मान हलवून उठली. माझं म्हणणं तिला पटलं की नाही, मला सांगता येणार नाही.

गावात अजून काही जण आहेत, जे म्हणतात क्लाइडच त्या मॅटमध्ये शिरला होता. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांचा रक्तदाब तपासतो.

बाकीच्यांना मात्र साधं सांगतो. गाडी कधी अशी सुटलीच, तर ब्रेक एकदाच दाबा, घट्ट, आणि सोडू नका. गिअर न्यूट्रलला टाका. थांबलात की इंजिन बंद करा. पेडलपाशी सैल, जाड, एकावर एक काही पसरू नका, मग त्याच्यावर कुणाचंही नाव लिहिलेलं असो. चुकीचं पेडल दाबलं असेल तर तेही कबूल करा, त्यात लाज नाही. आणि कुणी येऊन तुम्हाला सांगितलं, की हे अमक्या मेलेल्याचं काम आहे, तमक्या बाईच्या नजरेचं आहे, तर साखळी शोधायला धावण्याआधी गुडघे टेका. प्रार्थनेसाठी नव्हे. खाली वाकून बघण्यासाठी.